सॉनिक पाय: ठेका आणि लेहरा एकत्र वाजवायला थ्रेड वापरू की लाइव्ह लूप?

सम_चुकला

नमस्कार मंडळी, इथे सॉनिक पाय (कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर) वापरणारं कुणी असेल तर जरा मदत करा. मी तबला शिकतो (शिकतोच अजून, वाजवतो म्हणायची हिंमत नाही) आणि पोटापाण्यासाठी जावा लिहितो, त्यामुळे थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधे समांतर चालणारं काम) म्हटलं की आधी धडकीच भरते. रियाजाला लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) लागतो म्हणून मोबाइलवरची एकदोन ॲप्स वापरून बघितली, पण मधेच ठेका (तालाचे ठरलेले बोल) बंद करून नुसता लेहरा ठेवायचा, लय हळूहळू चढवायची, एखादी तिहाई (तीनदा वाजून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा) टाकून बघायची, हे सगळं मनासारखं होईना. म्हटलं आपणच लिहू. सॉनिक पायमधे तबल्याचे सॅम्पल आयतेच मिळतात, ना, घे, के, ते, तुन सगळे, हे कळल्यावर तर फारच हुरूप आला.

आधी साधा लूप लिहिला, त्यात तीनतालाच्या १६ मात्रा, आणि त्याच्या खाली दुसरा लूप, त्यात चंद्रकंसचा लेहरा. ठेका वाजतो, लेहरा येतच नाही. मग दोन्ही लूप वेगवेगळ्या इन_थ्रेडमधे घातले. दोन्ही वाजायला लागले, एकदम खूश, पण एखादा सूर बदलून परत रन दाबलं की जुनं चालूच राहतं आणि वर नवं सुरू होतं, म्हणजे दोन तबलजी नि दोन पेटीवाले, परत दाबलं की तीन. शेवटी लाइव्ह_लूप केलं. तो घोळ थांबला, पण आता ठेका लेहऱ्यापेक्षा अख्खं एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) उशिरा सुरू होतो, शिवाय वरती यूज_बीपीएम (लय ठरवणारी ओळ, मिनिटाला किती मात्रा) ८० चं १०० केलं तरी लय ढिम्म हलत नाही, सगळं थांबवून परत सुरू केलं तरच हलते, आणि कहर म्हणजे ठेक्याचा लूप पूर्ण डिलीट करून रन केलं तरी ठेका वाजतोच आहे.

तर नक्की थ्रेड कधी वापरायचे आणि लाइव्ह लूप कधी? की दोन्ही मिळून वापरायचे असतात? मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून कोडचे शब्दही देवनागरीतच लिहितोय, सांभाळून घ्या.

पेठेतला_पायथॉन

लाइव्ह लूप. थ्रेड विसरून जा. विषय संपला.

रूबी_आणि_रबडी

इतक्यात कसा संपेल, त्याचे तीन प्रश्न तर लाइव्ह लूप वापरल्यावरचेच आहेत की राव.

@सम_चुकला, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, मग बाकीचं आपोआप सुटतं. लाइव्ह लूप म्हणजे थ्रेडला पर्याय नाहीये, लाइव्ह लूप हा थ्रेडच आहे. नाव दिलेला एक थ्रेड, त्याच्या आत कायमचा लूप, आणि त्या लूपच्या आत डिफाइनने बनवलेलं एक फंक्शन ज्याची व्याख्या चालू असताना बदलता येते, या तिघांची मोट बांधली की लाइव्ह लूप होतो. पूर्वी लोक हे तिन्ही हातानेच लिहायचे.

आता तुझं एकेक बघू. साधा लूप कधी संपतच नाही, त्यामुळे त्याच्या खालच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचतच नाही, म्हणून लेहरा गायब. इन_थ्रेड घातलंस तर मुख्य धागा पुढे सरकतो आणि दोन्ही वाजतात, पण रन दाबणं म्हणजे ‘जे चालू आहे ते राहू दे आणि हे पण सुरू कर’, मागचं थांबव असं कुणी सांगितलंच नाही. थ्रेडला नाव दिलंस, इन_थ्रेड(नेम: :ठेका) असं, तर त्या नावाचा एकच थ्रेड एका वेळी जिवंत राहू शकतो, दुसरा सुरूच होत नाही आणि लॉगमधे तशी ओळ येते. दुप्पट होणं थांबलं खरं, पण मग तू आत केलेला बदलही लागू होत नाही, कारण जुनाच थ्रेड जुनाच कोड चालवत बसलाय. म्हणून फंक्शनची भानगड. लाइव्ह लूप दर फेरीला ते फंक्शन नावाने बोलावतो, रन दाबलं की त्या नावामागची व्याख्या बदलते, पुढच्या फेरीला नवीन वाजतं. चालू फेरी मात्र जुनीच पूर्ण होते, हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

याच हिशेबाने डिलीट केलेला ठेका का वाजतो तेही कळेल. तू कागदावरून मजकूर पुसलास, थ्रेडला कुणी थांब म्हटलं नाही, त्याच्याकडे शेवटची व्याख्या आहे, तो ती वाजवतोय. लूप पुसायचा नाही, आत पहिल्या ओळीला स्टॉप लिहायचं आणि रन दाबायचं. पुढच्या समेला गप्प बसेल. मग पुस हवं तर.

लयीचं: बीपीएम, सिंथ (वाद्याचा आवाज), ट्रान्सपोज (पट्टी) या सगळ्या गोष्टी त्या त्या थ्रेडच्या स्वतःच्या असतात. नवा थ्रेड जन्माला येताना आईबापाकडून त्या क्षणीच्या किमती घेतो, नंतर आईबापांनी काहीही बदललं तरी त्याला पत्ता नसतो. वरचं यूज_बीपीएम तू १०० केलंस तेव्हा ठेका आणि लेहरा केव्हाच ८० घेऊन घराबाहेर पडलेले. उपाय सोपा आहे, वर नुसतं लय = १०० असं व्हेरिएबल ठेव आणि दोन्ही लाइव्ह लूपच्या आत पहिली ओळ यूज_बीपीएम लय. रन केल्यावर नवी व्याख्या नवीन लय घेऊन येते.

आणि एक आवर्तन उशीर. तू ठेक्याला सिंक: :लेहरा (म्हणजे लेहऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघ) दिलं असशील, बरोबर? प्रत्येक लाइव्ह लूप दर फेरीच्या सुरुवातीला आपल्या नावाचा क्यू (इशारा) सोडतो, आणि सिंक हा त्यानंतरचा पुढचा क्यू पकडतो, होऊन गेलेला नाही. लेहरा तू वर लिहिलायस म्हणजे त्याचा पहिला क्यू सुटून गेला, ठेका आला तोवर गाडी गेलेली, मग पुढच्या समेपर्यंत थांबा. लेहरा फाइलच्या सगळ्यात शेवटी लिही, ठेका वर. किंवा लेहऱ्याला डिले: ०.१ दे. दोन्ही चालतं. मैफल चालू असताना एखादा नवा लूप घातलास तर मात्र हे समेपर्यंत थांबणंच तुला हवं असतं.

साधा इन_थ्रेड कुठे लागतो म्हणशील तर जे एकदाच वाजून संपायचं आहे त्याला. तिहाई, मुखडा, आवाज हळूहळू खाली नेणं, असलं सगळं. त्यावर सवडीने लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

सम_चुकला

बाप रे, धन्यवाद. डिलीटवाली गोष्ट वाचून डोकं शांत झालं. एक शंका, जावामधे थ्रेड.स्लीपवर ताल धरायचा म्हटलं तर पाच मिनिटांत सगळं विस्कटेल, इथे दोन थ्रेड वेगवेगळे झोपतात आणि तरी अर्धा तास एकत्र कसे राहतात?

रूबी_आणि_रबडी

कारण इथला स्लीप खरा स्लीपच नाहीये. सॅम ॲरन यांनी केंब्रिज विद्यापीठात २०१२ मधे रास्पबेरी पायसाठी हे काढलं, मुळात शाळेतल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायला, आणि त्यात वेळेचा जो हिशेब आहे तोच या प्रकरणाचा प्राण आहे, २०१४ मधे त्यांनी डॉमिनिक ऑर्चर्ड आणि ॲलन ब्लॅकवेल यांच्यासोबत त्यावर पेपरही लिहिलाय. प्रत्येक थ्रेडचं एक मानलेलं घड्याळ असतं. स्लीप १ म्हटलं की ते घड्याळ नेमकी एक मात्रा पुढे जातं. मधे सूर निवडायला, यादी चाळायला जे काही मिलिसेकंद गेले ते खऱ्या झोपेतून वजा होतात. तुझ्या जावात कामाचा वेळ अधिक झोपेचा वेळ अशी बेरीज होत जाते, इथे बेरीज होतच नाही. शिवाय आवाज अर्धा सेकंद आधी वेळेचा शिक्का मारून सुपरकोलायडरकडे (प्रत्यक्ष आवाज तयार करणाऱ्या भागाकडे) पाठवतात, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तरी कानाला कळत नाही. फारच मागे पडलं तर लॉगमधे टायमिंगची वॉर्निंग येते आणि अगदीच झेपेना झालं तर तो थ्रेड मारून टाकतात.

म्हणजे लय विस्कटली तर कॉम्प्युटरला दोष देऊ नको, आधी तुझ्या स्लीपची बेरीज १६ येते का बघ. १५.७५ आली की दर आवर्तनाला पाव मात्रा सरकत जाणार.

एकच_लूप

मी जरा उलटं बोलणार आहे. तुम्ही लोक आधी चार लूप करता आणि मग त्यांना एकत्र ठेवायला सिंक, क्यू, सेट, गेट (सगळ्या थ्रेडना दिसेल अशी किंमत ठेवणं नि वाचणं). कशाला? ताल एकच आहे ना? मग लूपही एकच ठेवा. १६ बोलांची एक रिंग (संपली की परत पहिल्यापासून फिरणारी यादी), १६ सुरांची दुसरी रिंग, एका लाइव्ह लूपमधे दर मात्रेला टिक (पुढच्या घरावर सरकणं), दोन्ही रिंगांतून त्या मात्रेचं काय ते लुकने उचला, वाजवा, स्लीप १. प्ले किंवा सॅम्पल थांबून राहत नाहीत, एकापाठोपाठ लिहिले तरी एकाच क्षणी वाजतात, त्यामुळे थ्रेडची गरजच पडत नाही. लय बदलली की दोघांची एकदम बदलते. ठेका बंद करायचा तर त्या ओळीपुढे हॅश. मी शाळेत जुन्या रास्पबेरी पायवर मुलांना हेच शिकवतो, मुलांना पहिल्या तासाला कळतं.

सम_चुकला

हे पण भारी आहे. अर्धं अर्धं करून बघतो, ठेका टिकने, लेहरा वेगळा, कारण लेहऱ्यात दीड मात्रेचे सूर आहेत माझे.

खडूस_तबलजी

कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, मुलाने लिंक पाठवली म्हणून आलो. पण बोलांचं विचारतो, धा कसा वाजवता? त्या यादीत धा दिसत नाही म्हणे. आणि तिं म्हणून तुन वाजवत असाल तर कृपा करून मला ऐकवू नका.

सम_चुकला

धा म्हणजे ना आणि घे एकदम, दोन ओळी लिहायच्या, मधे स्लीप नाही, दोन्ही एकाच क्षणाला उमटतात. घे चे आठ प्रकार दिलेत त्यातला जास्त घुमारा असलेला समेला घेतो आणि बाकी ठिकाणी साधा, थोडा आवाज कमी करून. तिंच्या जागी तुनच आहे सध्या, रेट कमी जास्त करून जुळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तुम्ही म्हणता ते खरंय, कान दुखतात 🙏

बरं मंडळी, टिकवाला प्रयोग केला आणि नवीनच गंमत झाली. ठेका दर मात्रेला फिरणारा लूप, लेहरा दर आवर्तनाला फिरणारा लूप, दोन्हीत यूज_बीपीएम लय. एकाच लयीत ठेवलं तर मस्त, पण ८० चं ९० करून रन दाबलं की ठेका पुढच्याच मात्रेला ९० वर जातो आणि लेहरा बिचारा सम येईपर्यंत ८० वरच. त्यानंतर सम जी हुकते ती कायमची. रन कधी दाबलं त्यावर किती हुकणार ते ठरतं.

एकच_लूप

म्हणून म्हटलं एकच लूप ठेव. दीड मात्रा असेल तर स्लीप ०.५ कर आणि रिंग ३२ घरांची, जिथे सूर नाही तिथे रेस्ट.

रूबी_आणि_रबडी

३२ घरांवर काम भागेल, पण उद्या तिरकिट टाकायचा म्हटला की ६४ घरं, त्यात त्रिपट लय आली की मग ९६ आणि १९२. कुणी भरायची ती घरं. एकच लूपवाल्या सरांचं शिकवायच्या दृष्टीने बरोबरच आहे, नुसता ठेका आणि सरळ लेहरा असेल तर मीही तेच करीन. पण एका थरात काही वेगळं घडायला लागलं की लूप वेगळे लागतात.

तुझा घोळ थ्रेडचा नाहीये, फेरीच्या लांबीचा आहे. मघाशी म्हटलं तेच, बदल पुढच्या फेरीला लागू होतो. ठेक्याची फेरी १ मात्रेची, लेहऱ्याची १६ मात्रांची, म्हणजे एकाला बातमी लगेच कळते, दुसऱ्याला समेला. दोघांची फेरी एका आवर्तनाची ठेव, म्हणजे लाइव्ह लूपच्या आत १६ बोलांचा साधा ईच फिरव:

लाइव्ह_लूप :ठेका, सिंक: :लेहरा डू
  यूज_बीपीएम लय
  बोल.ईच डू |ब|
    वाजव ब
    स्लीप १
  एंड
एंड

दोघं समेला एकदम लय बदलतील. माझा नियमच आहे, जे समेला बदलायला हवं त्याची फेरी आवर्तनाची, जे लगेच बदलायला हवं (उदाहरणार्थ आवाजाची पातळी) त्याला दर मात्रेची फेरी किंवा सरळ कंट्रोल (वाजत असलेला आवाज बदलायची आज्ञा).

एक सावधगिरी. अगदी समेच्या तोंडावर रन दाबू नको. एका लूपने नवी व्याख्या उचलली आणि दुसऱ्याने नेमकी जुनी, असं होऊ शकतं, मग एक जण एक आवर्तन मागच्या लयीत. खालीच्या (तालातल्या घुमारा नसलेल्या भागाच्या) आसपास, नवव्या मात्रेला दाब, निवांत वेळ असतो. तरी भीती वाटत असेल तर सिंक: हा पर्याय काढून लूपच्या आत पहिलीच ओळ सिंक :लेहरा लिही. पर्याय म्हणून दिलेला सिंक जन्मात एकदाच चालतो, आत लिहिलेला दर आवर्तनाला चालतो, म्हणजे हुकलं तरी पुढच्या समेला परत जागेवर. फक्त मग शेवटच्या मात्रेनंतरचा स्लीप काढून टाक, नाहीतर ठेका नेमका समेला उठणार, क्यू त्याच क्षणी सुटलेला, आणि तो पकडता नाही आला तर आवर्तनभर शांतता. वाट बघायचं काम सिंकच करतो.

पेठेतला_पायथॉन

चौथ्या आवृत्तीपासून लिंक (वेगवेगळ्या प्रोग्रॅमची लय एकत्र ठेवायची सोय) आहे की. सगळीकडे यूज_बीपीएम :लिंक आणि लय एका जागेवरून बदलायची. एवढा उपद्व्याप कशाला.

रूबी_आणि_रबडी

हो, ते चांगलं आहे, दुसरा लॅपटॉप किंवा एबलटन (संगीताचं सॉफ्टवेअर) सोबत जोडायचं असेल तर तेच करावं. पण लय मधेच कुठेही लगेच बदलते, समेला बदलली पाहिजे असं वाटत असेल तर समेची व्यवस्था तुलाच करावी लागते.

आता राहिलेली तिहाई. हिशेब खडूसकाकांना तोंडपाठ असेल, मी उगाच सांगतोय. ‘तिट कत गदि गन धा’ असा पाच मात्रांचा पल्ला, मधे एक मात्रा विश्रांती, समेपासून उचलला तर ५ १ ५ १ ५ म्हणजे १७, आणि सतरावी म्हणजे पुढची सम. शेवटचा धा तिथे पडतो. हे एकदाच वाजून संपणार, याला लाइव्ह लूप कशाला? लाइव्ह लूपमधे घातलं तर दर आवर्तनाला तिहाई, आणि एकदा वाजून गप्प बसवायला परत आत स्टॉप लिहा. इथे थ्रेडच बरा:

इन_थ्रेड(नेम: :तिहाई) डू
  यूज_बीपीएम लय
  सिंक :लेहरा
  ३.टाइम्स डू
    पल्ला
    स्लीप १
  एंड
एंड

पल्ला हे डिफाइनने केलेलं फंक्शन, त्यात पाच मात्रांचे पाच स्लीप आहेत, बोल दुपटीत.

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते बघ. नाव नाही दिलं आणि घाईत रन दोनदा दाबलं गेलं तर दोन थ्रेड समेची वाट बघत बसतील आणि दोन तिहाया एकावर एक पडतील. यूज_बीपीएम नाही लिहिलं तर हा थ्रेड मुख्य धाग्याची लय घेणार, तू ती आता वर लिहीतच नाहीस, म्हणजे ६० ची मूळ लय, आणि तिहाई समेच्या कितीतरी पुढे जाऊन पडेल. सिंकने वेळ जुळते, बीपीएम जुळत नाही. बीपीएमसकट हवं असेल तर सिंक_बीपीएम म्हणून वेगळं आहे.

तिहाई वाजून झाली की थ्रेड संपतो, नाव मोकळं होतं, परत रन दाबलंस की परत एकदा वाजेल. अर्थात याचा अर्थ असाही की तू नुसता लेहऱ्यातला सूर बदलायला रन दाबलंस तरी तिहाई येणार. म्हणून मी तिहाया दुसऱ्या बफरमधे (कोडच्या वेगळ्या पानावर) ठेवतो, लय तिथे सेट आणि गेटने पोचवतो, व्हेरिएबल बफरच्या पलीकडे दिसत नाही.

सम_चुकला

हे चाललं!! समेला धा पडला तेव्हा खुर्चीत उडी मारली. पण तिहाईच्या वेळी खाली ठेका चालूच राहतो, कालवा होतो. ठेक्यात इफ घातला, गेट(:गप्प) असेल तर काही वाजवायचं नाही, तर लाइव्ह लूप एरर देऊन मेला.

रूबी_आणि_रबडी

‘काही वाजवायचं नाही’ मधे स्लीप पण नाहीये ना? ज्या फेरीत स्लीप किंवा सिंक नाही ती फेरी शून्य वेळात संपते, मग परत, मग परत, म्हणून सॉनिक पाय तो लूप मारतो, बरंच करतो. गप्प असताना स्लीप १६ लिही. शांतता पण मोजून वाजवावी लागते.

गप्प हे ट्रू कुठे करायचं तर तिहाईच्या थ्रेडमधे सिंकच्या आधी, म्हणजे ठेका त्याच समेला वाचून थांबेल. परत फॉल्स करायचं ते तिसऱ्या पल्ल्याच्या आधी, तिहाई संपल्यावर नाही. संपल्यावर केलंस तर सम होऊन गेलेली असेल आणि ठेका आणखी एक आवर्तन झोपून राहील. या कामाला सेट आणि गेटच वापर, साधं व्हेरिएबल दोन थ्रेडमधून बदलायला लागलास की कधी कुणाचं आधी होईल त्याचा भरवसा नाही, जावावाल्याला मी काय सांगू. लयीसाठी साधं व्हेरिएबल चाललं कारण सगळे फक्त वाचतायत.

खडूस_तबलजी

हिशेब बरोबर आहे. मुलाने ऐकवलं. तिहाई चांगली पडली, पण माणूस तिहाईत शेवटच्या पल्ल्याला किंचित रेटतो, ते यात नाही. आणि तो तुन अजून तसाच आहे.

रूपक करून बघा एकदा. सात मात्रा, समेवरच खाली. समेला दणका द्यायची सवय लागलेल्याचं काय होतं ते कळेल.

चक_चक

मी चक वापरतो, ग वांग आणि पेरी कुक यांनी प्रिन्स्टनला केलेली संगीताच्या कोडची भाषा, तिथे वेगळाच कारभार आहे म्हणून सांगतो. तिकडे थ्रेडला श्रेड म्हणतात आणि स्पोर्क करून सोडतात, पण मूळ श्रेड संपला की त्याने सोडलेली पोरंही मरतात, त्यामुळे लोक बापाला उगाच जागं ठेवायला शेवटी एक रिकामा लूप घालून ठेवतात. सॉनिक पायमधे उलट, मुख्य धागा कधीच संपलेला असतो आणि इन_थ्रेडमधलं वाजतच राहतं. चकवरून इकडे येणारे हमखास इथे गोंधळतात. आणि टायडल किंवा स्ट्रडेलमधे (अशाच संगीताच्या कोडच्या दोन सोयी) तर हा प्रश्नच पडत नाही, तिथे थ्रेड नाही नि लूप नाही, सगळं एका चक्राच्या आत पॅटर्न म्हणूनच लिहायचं. आवर्तनात विचार करणाऱ्याला ते जवळचं वाटेल असं माझं मत. तिहाईसारखं एकदाच वाजणारं काही हवं असेल तेव्हा मात्र तिथे जरा डोकं खाजवावं लागतं.

एकच_लूप

स्ट्रडेल ब्राउझरमधेच चालतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही, मुलांसाठी तेही छान. बाकी तिहाईला थ्रेड हे मान्य, ते माझ्या एका लूपमधे बसवायला गेलो तर इफची रांग लागेल.

सम_चुकला

शेवटचे दोन प्रश्न, मग छळणार नाही. लेहऱ्याला रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) हवा, तो लावणारं विथ_एफएक्स लाइव्ह लूपच्या बाहेर घालू की आत? आणि मित्र मिडी कीबोर्डवर पेटी वाजवणार आहे, त्याचा सूर दाबल्यावर जरा उशिरा येतो, तो म्हणतो असं वाजवणं अशक्य आहे.

रूबी_आणि_रबडी

रिव्हर्ब बाहेर घाल. आत घातलास तर दर फेरीला नवीन रिव्हर्ब तयार होतो. लेहऱ्याची फेरी १६ मात्रांची आहे म्हणून निभावेल, पण दर मात्रेच्या लूपमधे घातलास तर जुना लॅपटॉप धापा टाकायला लागेल. बाहेर घातल्याचा तोटा एवढाच की रूमची किंमत बदलून रन दाबलं तरी चालू लेहरा जुन्याच रिव्हर्बमधून जात राहतो, थ्रेड तिथेच जन्मलाय ना. आधी कानाने किंमत ठरवून घे आणि मग हात लावू नको. मैफलीत बदलायचीच असेल तर आत घाल, आवर्तनाला एक रिव्हर्ब परवडतो.

मित्राचा उशीर म्हणजे तोच अर्धा सेकंद जो मघाशी सांगितला. त्याच्या सुरांसाठी वेगळा लाइव्ह लूप कर, पहिली ओळ यूज_रिअल_टाइम, दुसरी मिडीच्या नोट_ऑनवर (कळ दाबल्याच्या संदेशावर) सिंक, तिसरी प्ले. स्लीप लागत नाही, सिंक आहे. यूज_रिअल_टाइम फक्त त्याच थ्रेडला लागू होतं, ठेका आणि लेहरा अर्धा सेकंद आधी पाठवण्याच्या सोयीतच राहतात. आणि हो, मित्राच्या कानावर येणारा ठेका त्या अर्ध्या सेकंदाने मागून येतोय, तो ऐकून त्यावर वाजवतोय, त्यामुळे तिथे काही जुळवायची गरज नाही. फक्त त्याचे सूर पकडून तू ठेक्यात काही बदलणार असलास तर तो बदल अर्धा सेकंद उशिरा ऐकू येईल.

सम_चुकला

बसलं. आता रूपक लिहायला घेतो. बोलांची यादी ‘ती ती ना, धी ना, धी ना’ अशीच ठेवू ना काका? आणि त्या ती ला तुन चालेल का ते तुम्हीच सांगा.

खडूस_तबलजी

नाही चालणार. माझा तबला घेऊन येतो मुलगा, ती आणि ना दोन्ही रेकॉर्ड करून घ्या, मग तेच वाजवा.